चौदाव्या मैलावर

जीप पहिल्यांदा बंद पडली ती सोमवारी, आणि पडली ती नेमकी सरूच्या डोळ्यांसमोर.

तिकोणा पेठेतल्या आपल्या बापाच्या दुकानात ती गुळाची ढेप फोडत बसली होती. चढ चढून आलेल्या जीपनं वडाला वळसा घातला, दोन आचके दिले, खोकली, आणि दुकानाच्या पायरीशी येऊन गप झाली. साल त्रेसष्ट. दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता. खाचरांतून आंबेमोहोर पिवळा पडायला लागला होता आणि दुपारच्या उन्हातसुद्धा साऱ्या मावळाला भाताच्या पेजेचा वास येत होता.

ही जीप साधीसुधी नव्हे. मोठ्या लढाईतून आलेली, आणि आता कामशेतहून पेठेवरून जवणपर्यंत रोज माणसं आणि माल वाहणारी. तिच्या पत्र्याला गोळ्यांची तीन भोकं होती, आणि त्यातल्या एकात चिमणीनं घरटं केलंय, जीप कितीही उधळली तरी चिमणी अंड्यांवरून उठत नाही, असं पेठेतली माणसं शपथेवर सांगत. अमेरिकी गाडी म्हणून तिचं सुकाणू डावीकडं. त्यामुळे गाडी रस्त्याच्या कडेला थांबली की डायवर थेट दुकानाच्या तोंडाशी यायचा. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या माणसासमोर. म्हणजे सरूसमोर.

डायवर खाली उतरला. खाकी सदरा, कोवळी मिशी, कोपरापर्यंत ग्रीस. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि विचारलं,

"पानी मिळंल का?"

"गाडीला का मानसाला?"

"आधी मानसाला. गाडी काय… ती मागत न्हाई."

सरूनं तांब्या पुढं केला. त्यानं अर्धा स्वतः प्याला, अर्धा गाडीला पाजला. मग पाव तास तो पायरीवर बसला, आणि त्या पाव तासात त्यानं दुकानातल्या बरण्या तीनदा मोजल्या असाव्यात, कारण नजर सारखी तिकडंच होती. त्यानंतर किल्ली फिरवली तर जीप अशी सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

मंगळवारी जीप तिथंच बंद पडली. बुधवारी तिथंच. गुरुवारी मात्र भुर्रकन निघून गेली, आणि सरूच्या हातून साखरेचं माप सांडलं. शुक्रवारी पुन्हा तिथंच.

"पानी मिळंल का?"

"डायवर," सरू तांब्या न उचलता म्हणाली, "कामशेतपासून हितवर चौदा मैलांत पाच ओढं लागत्यात. गाडीला तहान लागती ती आमच्याच दारात?"

"माजंबी त्येच म्हननं हाय. सगळ्या वाटंनं गाडी गुण्यागोविंदानं येती. तुमचं दुकान दिसलं की गुडघं टेकती. तुमी करता काय तिला?"

"मी?"

"मग कोन? मी तर निसता बसल्याला असतो."

सरूनं तांब्या दिला, पण डोळे बारीक करून. हा माणूस सोंग करतोय, याबद्दल तिची खात्रीच पटली होती. फक्त सोंग पकडायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

आणि संशय काय तिला एकटीलाच होता? समोरच्या पारावर बसणारी म्हातारी मंडळी जीप येण्याच्या वेळेला पानाचा विडा लावून तयारच असत. गाडी थांबली की एकजण दुसऱ्याला कोपर मारी. सरूचा बाप अंबाजी गल्ल्यामागं अडकित्त्यानं सुपारी कातरायचा, आणि श्रीपती—डायवराचं नाव श्रीपती—पायरीवर आहे तोवर कातरतच राहायचा. त्या दिवसांत पेठेत सुपारीचं इतकं खांड झालं की आल्यागेल्याला मूठमूठ वाटावं लागलं. एकटी आत्या, भामाबाई, चुलीशी बसून हिरड्यांवर मिश्री घाशी, सगळं बघे आणि काही म्हणजे काही बोलत नसे. तिचं बोट आणि तिचं तोंड एकाच वेळी चालत नाही, असं अंबाजी म्हणायचा.

सरूनं सोंग पकडायची युक्ती काढली. डोळ्यांचं काम कानांवर सोपवलं. किल्लीनं बंद केलेली गाडी कशी गप होते ते तिला ठाऊक होतं. धरणाच्या मोजणीवाल्या साहेबाची गाडी दुकानापुढं थांबायची, ती एका दमात थांबे. चालू म्हणता बंद. शनिवारी ती दाराआड उभी राहिली आणि कान लावला.

जीप वडाला वळली. आवाज पातळ झाला. एक आचका… दुसरा… मधेच जीव धरला… आणि मग घशात काही अडकल्यासारखी खोकून ती थांबली.

हे किल्लीचं काम नव्हे. हिचा जीव खरोखरच गुदमरत होता.

सरूला बरं वाटलं. आणि लगेच थोडं वाईटही वाटलं. म्हणजे हा मुद्दाम थांबत नव्हता तर.

"मिस्त्रीला का दावत न्हाई?" तिनं त्या दिवशी तांब्या देताना जरा मऊ आवाजात विचारलं.

"लोणावळ्याच्या केरबा मिस्त्रीला तीनदा दावली. तो आधी टाकी उघडून बघतो. पेट्रोल हाय. मग प्लग बदलतो, पॉइंट घासतो, कार्बोरेटर उलटा करून झाडतो. सांजच्याला लोणावळ्यातनं भुशीपतोर चारेक मैल पळवतो. एक आचका देत न्हाई! मग माज्याकडंच बघतो, ह्यो असा. म्हनतो, गाडी बरी हाय, डायवरला दावा कुनाला तरी."

सरू हसली. तिला हसताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, आणि बॉनेट हातातून सुटून त्याच्या बोटांवर पडलं.

"अन् शेट काय म्हनतो?"

श्रीपतीचं तोंड उतरलं. जीपचा मालक हौशीराम कामशेतचा. त्याचं म्हणणं असं की लढाईत त्या जीपमध्ये एक गोरा मेला होता आणि तोच आता ब्रेक दाबतो. म्हणून खंडेनवमीला त्यानं गाडीच्या पुढच्या दिव्यांना, चाकांना, टाकीच्या झाकणाला तेलात कालवून शेंदूर थापला होता. गाडी बंद पडायला लागल्यावर तर त्यानं मंगळवारी आणखी एक थर दिला.

"सोमवारपतोर मुदत हाय," श्रीपती बोटं चोळत म्हणाला. "गाडी सुधरली न्हाई तर किल्ली दुसऱ्याच्या हातात. मग मी मुंबईची गोदी गाठीन. हितं गाडी न्हाई तर मी कशाला येतोय पेठेला…"

मागून अडकित्ता वाजला. कट्.

"एक सांगतो, डायवर," अंबाजी म्हणाला. "सोमवारची वाट शेट बघंल. मी न्हाई बघनार. पारावरची मान्सं माज्या पोरीचं नाव तुज्या गाडीला बांधाय लागलीत. आनखी चार दिस असंच चाललं तर दिवाळीत जे पयलं स्थळ येईल, त्याच्या गळ्यात हिला घालून मोकळा हुतो."

कट्.

त्या दुपारी सरूला झोप आली नाही. रविवारी तर तिचं कशात ध्यानच नव्हतं. ठाकरवाडीची गंगी बाटली घेऊन रॉकेलला आली. सरूनं नवा डबा ओढला, खिळा ठोकला, डबा कलता केला. डबक्… डबक्… आणि धार थांबली. तिनं डबा हलवला. पुन्हा दोन थेंब, पुन्हा बंद.

गंगी फिसकन हसली.

"अगं बया, दुकानदाराची लेक तू! दुसरं भोक कोन पाडनार? वारा आत गेल्याबिगर रॉकेल भायेर यील का?"

सरूनं जीभ चावली आणि दुसरं भोक पाडलं. धार सरळ लागली. तिनं सहज त्या भोकावर अंगठा ठेवला. धार आचके द्यायला लागली… पातळ झाली… थांबली.

अंगठा उचलला. सुरू.

अंगठा ठेवला. आचका. आचका. बंद.

"ए, खेळतीस काय? माजी चूल खोळंबलीया!" गंगी ओरडली.

आणि बाहेर वडाच्या वळणावर जीपनं पहिला आचका दिला.

सरू हातातला डबा तसाच टाकून पायरी उतरली. पारावरच्या मंडळींनी विडे गालात धरले. मागं अडकित्ता थांबला. सुपारी न कातरता तो थांबल्याचं पेठेनं पहिल्यांदाच ऐकलं.

"डायवर, ही खोड कवापासनं?"

"खंडेनवमीची पूजा झाल्यावर सोमवारी गाडी काढली, तवापासनं," श्रीपती दचकून म्हणाला.

"रोज?"

"गुरवारी न्हाई."

"ते ठावं हाय मला," ती बोलून गेली.

श्रीपतीच्या मिशीखाली काहीतरी हललं. "ठावं हाय? वाट बघता व्हय गुरवारी?"

"गुरवारी तांब्या घासाय लागत न्हाई, म्हनून ठावं हाय. इचारलं तेवढं सांगा. माघारी जाताना कुटं बंद पडती?"

श्रीपती पायानं माती उकरायला लागला.

"का? सांगन्यासारखं न्हाई?"

"करुंजच्या अलीकडं… चिंचंखाली."

साऱ्या पाराचे कान टवकारले. सरूचा आवाज एकदम विळीसारखा झाला. "असं? तितंबी पडती? आजवर बोलला न्हाईत ते! तितं कोन देतं पानी?"

"तितं एक म्हातारा बैल बांधल्याला असतो. पानी देत न्हाई. माज्याकडं बघून तोंड फिरवतो."

पार खदखदला. सरूनं हसू दाताखाली दाबलं, पण रंग गालावर आलाच.

"मग सांगत का न्हवता?"

"सांगितलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर तुमी म्हनला असता, ही गाडी कुटंबी बंद पडती…"

सरूनं बोटं मोजायला काढली. "हितनं जवण किती?"

"तीन मैल."

"अन् जवणपासनं ती चिंच?"

"हितवर तीन… अन् पुढं अकरा. चौदा."

"कामशेतपासनं पेठ?"

"चौ—" श्रीपती थांबला.

"कामशेत सोडताना काय करता?"

"पेट्रोल घालतो."

"जवणला?"

"काटा मोडलाय गाडीचा. टाकीत काठी घालून बघतो, पुरंल का न्हाई ते."

"अन् गुरवारी?"

"गुरवारी वाटंतल्या काळे गावच्या बाजारचा माल चढतो, तवा तितंच काठी—" त्याचे डोळे गोल झाले. "अन् केरबा मिस्त्रीबी आधी टाकीच उघडतो!"

"टाकीचं तोंड उघडलं की चौदा मैल जीव धरती," सरू म्हणाली. "मग गुदमरती. पेट्रोल भायेर जातंय, वारा आत येत न्हाई. आमच्या रॉकेलच्या डब्यागत. उघडा झाकन."

टाकीचं झाकण शेंदरानं इतकं माखलं होतं की ते झाकण आहे की म्हसोबा, ओळखू येईना. श्रीपतीनं ते फिरवलं मात्र… फुस्सऽऽ! टाकीनं असा लांब श्वास आत ओढला की सरूच्या कपाळावरची बट झाकणाकडं वळली. वडाची दोन पानंसुद्धा तिकडं वळली म्हणतात, पण ते पारावरचे लोक सांगतात.

सरूनं केसांतला आकडा काढला आणि शेंदूर खरवडला. झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. वारा आत जाण्यासाठी केलेलं. खंडेनवमीचा आणि त्यानंतरच्या मंगळवारचा शेंदूर त्यात दगडासारखा बसला होता. तिनं आकडा आरपार घातला, फुंकर मारली, झाकण आकड्यासकट त्याच्या हातात दिलं.

"आता लावा किल्ली."

जीप गुरगुरली. श्रीपती सरूकडं बघत राहिला. मिस्त्रीला देवानं असे डोळे दिले तर गाड्या रोज बिघडतील, असं काहीसं त्याच्या मनात होतं. पण अंबाजी पायरीवर येऊन उभा राहिला होता.

"बरी झाली न्हवं गाडी?" अंबाजी म्हणाला. "मग आता हितं थांबायचं कारन उरलं न्हाई."

श्रीपतीनं मान हलवली आणि निघून गेला. सरूचा आकडा त्याच्या हातातच राहिला होता.

यानंतरचे आठ दिवस जीप वाऱ्यासारखी येई आणि वाऱ्यासारखी जाई. दुकानापुढं श्रीपती नाकासमोर बघून गाडी हाकी. इतकं नाकासमोर, की वडाच्या मुळीवर चाक चढलं तरी त्याला कळत नसे. सरू खाली मान घालून मापं भरी, आणि रॉकेल मागणाऱ्याला गोडं तेल देई. अंबाजीनं दोनदा माल परत घेतला. सरूच्या मनात आता दुसराच संशय शिरला होता. तो गाडीसाठीच पाणी मागत होता की काय… नुसता गाडीसाठीच? पण मग आकडा का परत करत नाही?

नवव्या दिवशी, मंगळवारी, वडाच्या वळणावर आवाज पातळ झाला.

आचका. आचका.

सरू उठूनच उभी राहिली. तोंडावर आनंद आला होता, तो तिनं पुसला, कारण जीपमध्ये मागच्या बाकड्यावर खुद्द हौशीराम बसला होता. पुढं भामाआत्या. ती आदल्या दिवशी कामशेतला कुणा सोयऱ्याकडं म्हणून गेली होती, ती परतत होती. जीप पायरीशी येऊन खोकली आणि गप झाली.

हौशीराम खाली उतरला. "म्या सांगितलं हुतं," तो म्हणाला. "शेंदूर खरवडलास, गोरा खवळला. आता बंद पडली तर किल्ली खाली ठेवायची, असं ठरलं हुतं का न्हाई? ठेव."

श्रीपतीनं किल्ली काढली. सरू तोवर झाकणापाशी पोचली होती. तिनं ते फिरवलं. फुस्सऽऽ! भोकात काळं काहीतरी घट्ट बसलं होतं.

"हे काय?" ती श्रीपतीवर वळली. "कशापायी केलंत असं? शेट गाडीत असताना? किल्ली जाईल, मुंबईला जावं लागंल, एवढीबी अक्कल न्हाई?"

"मी? मी केलं?" श्रीपतीचा आवाज चढला. "ह्या भोकाचं गुपित तुला ठावं! तूच केलं असशील!"

"मी का करू?"

"मी तरी का करू? आठ दिस झालं, रोज कामशेतला झाकन लावताना हात शिवशिवतो. वाटतं, बुजवावं भोक अन् पडावी गाडी तितं. पर तुज्या बानं सांगितलं, थांबू नगं. न्हाई बुजवलं! देवाशपथ न्हाई बुजवलं!"

"मग माजा आकडा का न्हाई दिला परत?"

श्रीपती गोंधळला. मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून, छातीवरच्या, आकडा काढला. तो इतका घासून पुसून चकचकीत झाला होता की उन्हात पारावरच्या म्हाताऱ्यांचे डोळे दिपले.

"दिला असता," तो पुटपुटला. "तर मग तुजं माज्याकडं काय राहिलं असतं…"

पारावर कुणीही कोपर मारलं नाही. सरूनं आकडा घेतला. काहीतरी करायचं म्हणून तिनं भोकातला काळा गोळा टोकरला, नाकाशी नेला, आणि तिच्या भुवया वर गेल्या.

गुळात मळलेली मिश्री.

सगळ्यांच्या माना हळूहळू जीपच्या पुढच्या बाकड्याकडं वळल्या. भामाबाई निवांत बसली होती. उजव्या हाताचं बोट काळं. तोंडही काळं. तिनं बाहेर एक पिंक टाकली आणि पुरतं पंधरा वर्षांचं मौन एकदम मोडलं.

"बघताय काय? म्या लावली. ह्यो पेट्रोल घालत हुता तवा. ही पोरगी आठ दिस गिऱ्हाइकाला रॉकेलाच्या जागी त्याल देतीया, कुनाची तरी भाजी पेटंल एक दिस. अन् ह्यो मुडदा हितनं जाताना डोळं मिटून गाडी चालवतोय. भरल्या गाडीसकट पवना नदीत घालंल. शेट, तुमचा गोराबिरा काय न्हाई, किल्ली द्या त्याची त्याला. अन् अंबाजी, तू त्यो अडकित्ता खाली ठेव. कामशेतला काय झक माराय गेलते मी? चौकशी केलीया. नाणे गावचं घर हाय, सरूच्या आईच्या माहेरच्या नात्यातलं. विडी न्हाई, बाटली न्हाई. एक गाडीचं येड सोडलं तर पोरगं धडधाकट हाय."

हौशीरामनं भोक बघितलं, मिश्री बघितली, आणि किल्ली मुकाट्यानं श्रीपतीच्या हातावर ठेवली.

अंबाजीनं जीपकडं संशयानं बघितलं. मग सरूकडं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती.

"सरे," तो अखेर म्हणाला, "उभी काय ऱ्हायलीस? डायवरला पानी दे."

"गाडीला का मानसाला, आबा?"

"मानसाला," अंबाजी म्हणाला. आणि जपून, आवाज न करता, अडकित्ता मिटला.

पुढच्या खंडेनवमीला जीपची पूजा सरूनं केली, कामशेतला, श्रीपतीच्या शेजारी उभी राहून. दिव्यांना शेंदूर, चाकांना शेंदूर. टाकीच्या झाकणाला हळदीचं एकच बोट, तेही भोक सोडून. त्यानंतर पेठेच्या रस्त्याला ती जीप कधी बंद पडली नाही.

तेवढा एक करुंजचा प्रकार सोडून. सणावाराला सरू माहेरपण करून परत निघाली, गाडीत दोघांशिवाय कुणी नसलं, की जीप हमखास त्या चिंचेखाली बंद पडायची. केरबा मिस्त्रीला पुन्हा दोनदा दाखवली. त्याला काही सापडलं नाही. सापडणार कसं? त्यानं कधी कान लावला नव्हता. चिंचेखाली जीप आचके देत नसे, खोकत नसे. एका दमात गप होई.

म्हातारा बैल मात्र तिची वाट बघे, आणि ती थांबली की शहाण्यासारखा तोंड फिरवे.